अतिवृष्टी, पूर, गारपीट : सरकारी मदतीबद्दल शेतकरी नेहमी विचारतात ते प्रश्न

पाऊस उघडला की पहिला आठवडा रानातलं पाणी काढण्यात जातो. मग पारावर एकच विषय असतो, पैसे कधी येणार, किती येणार, शेजाऱ्याला आले तर मला का नाही. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचे कागद बघण्याचं काम माझ्याकडे आपसूक आलं. त्यात वारंवार आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. आधीच एक सांगते. मंजूर झालेले पैसे बहुतेक वेळा मुंबईत अडत नाहीत. ते गावात, एखाद्या आकड्यापाशी किंवा नावाच्या एका अक्षरापाशी अडतात, आणि ते अक्षर वेळेत दुरुस्त करणं बरंचसं आपल्या हातात असतं.

ही नुकसान भरपाई आहे ना? मग पूर्ण नुकसान का मिळत नाही?

बोलताना आपण सगळे भरपाईच म्हणतो, पण शासन निर्णयात शब्द असतो ‘मदत’ किंवा ‘निविष्ठा अनुदान’. पुढच्या हंगामाचं बी, खत घ्यायला हात मोकळा व्हावा म्हणून दिलेली ती रक्कम आहे. तुमचं सोयाबीन किती क्विंटल झालं असतं, बाजारात काय भाव होता, याचा तिच्याशी संबंध नाही. हेक्टरी दर ठरलेला असतो आणि तो क्षेत्राने गुणला जातो, इतकंच. हा दर खर्चाच्या जवळपासही जात नाही, हे मला रोज दिसतं. पण भरपाई समजून वाट बघणारा माणूस दोनदा खचतो, म्हणून फरक आधीच सांगितलेला बरा.

दर काय आहेत?

केंद्राने 2022-23 ते 2025-26 या काळासाठी ठरवलेले दर असे : जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायत पिकाला 17,000 रुपये आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये. मर्यादा दोन हेक्टर. क्षेत्र कितीही थोडं असलं तरी जिरायतीला किमान 1,000, बागायतीला 2,000 आणि बहुवार्षिकला 2,500 रुपये मिळावेत, असंही त्यात आहे.

एकराचा हिशेब सोपा आहे. एक एकर म्हणजे साधारण 40 आर (0.40 हेक्टर), म्हणजे जिरायतीचे 3,400 रुपये. दोन एकराचे 6,800.

राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालू शकतं. नोव्हेंबर 2023 च्या अवकाळीनंतर 1 जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने जिरायतीला 13,600, बागायतीला 27,000 आणि बहुवार्षिकला 36,000 रुपये, तेही तीन हेक्टरपर्यंत, असे वाढीव दर दिले होते. 2025 च्या खरिपासाठी पुन्हा केंद्राचेच दर आणि दोन हेक्टर आले. त्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेल्यावर मर्यादा परत तीन हेक्टर झाली. म्हणून दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला किती मिळाले, यावरून आपला हिशेब मांडू नका. ज्या आपत्तीची मदत आहे त्या आपत्तीचा शासन निर्णय बघायचा.

2025 मध्ये हेक्टरी 18,500 म्हणून जाहीर झालं होतं. मला 8,500 प्रमाणेच आले. उरलेले कुठे गेले?

हा प्रश्न मला शेकड्याने आला. 7 ऑक्टोबर 2025 ला राज्याने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पिकाच्या नेहमीच्या दरावर रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 रुपये जादा धरले होते. जिरायतीचे 8,500 आणि हे 10,000 मिळून 18,500 चा आकडा तयार झाला. पण ही दोन वेगळी अनुदानं आहेत. त्यांचे शासन निर्णय वेगळे आणि पैसेही वेगवेगळ्या वेळी जमा होतात. त्यामुळे पासबुकात एकच नोंद बघून थांबू नका. त्या तारखेच्या पुढच्या सगळ्या नोंदी बघा, आणि दुसरं अनुदान आलंच नसेल तर तहसीलमध्ये नेमकं ‘रब्बीच्या हेक्टरी 10,000 च्या यादीत माझं नाव आहे का’ असं विचारा. ‘राहिलेले पैसे कधी’ असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम मिळतं.

नुकसान किती झालं तर मदत लागू होते?

33 टक्के किंवा त्याहून जास्त. त्याखाली काही नाही. आणि त्याच्या वर पायऱ्या नाहीत, 35 टक्के गेलं काय आणि सगळं गेलं काय, दर तोच.

आमच्याकडे पाणी साचलं, पण मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही म्हणतात. हे कसं?

अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (महसूल खात्याने केलेल्या काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. हा पाऊस मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजला जातो. केंद्र एका गावात आणि ढग फुटला दुसऱ्या गावावर, असं दर पावसाळ्यात होतं. तुमच्या रानात गुडघाभर पाणी आणि कागदावर 40 मिलिमीटर.

अशा वेळी दोन गोष्टी बघा. नदी किंवा नाल्याचं पाणी रानात शिरलं असेल तर ते नुकसान पुराचं आहे आणि पुराला 65 मिलिमीटरची अट नाही. वर धरणातून पाणी सोडलं, किंवा पाऊस वरच्या भागात झाला, तरी पूर तो पूरच. पंचनाम्यात कारण लिहिताना ‘अतिवृष्टी’ न लिहिता ‘नाल्याच्या पुराने’ असं स्पष्ट लिहून घ्या, गट नंबर आणि नाल्यापासूनचं अंतर सांगा. दुसरं, रोज थोडाथोडा पण थांबत नाही असा पाऊस. शेंगा झाडावरच काळ्या पडतात, उडदाला कोंब फुटतात, पण 65 चा आकडा एकाही दिवशी येत नाही. 2023 मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य केली. त्याचे निकष वेगळे आहेत, त्यामुळे अतिवृष्टी नाही म्हणजे विषय संपला, असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

कोणकोणत्या आपत्तीला मदत मिळते?

केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट या बारा आहेत. अवकाळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणे, समुद्राचं उधाण या राज्याने आपल्याकडून घेतलेल्या आहेत. रानडुकरांनी किंवा हरणांनी पीक खाल्लं तर ती वाट वेगळी, ती वन विभागाची.

मदतीसाठी अर्ज कुठे करायचा? फॉर्म कितीला मिळतो?

अर्ज नाही, फॉर्म नाही, फी नाही. पंचनामा करणं ही प्रशासनाची जबाबदारी आहे. ‘पाचशे द्या, नाव घालतो’ म्हणणारा माणूस दिसला तर चार जणांसमोर त्याला विचारा की कोणत्या शासन निर्णयात हे आहे. मोबाईलवर आलेला ओटीपी तर अशा माणसाला कधीच सांगू नका.

मात्र नुकसान कळवायला काही हरकत नाही. साध्या कागदावर नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, तारीख आणि काय झालं हे लिहून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या. तलाठी म्हणायचो तेच हे पद. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्या पोचेमुळे पुढे वाद झाला तर तुम्ही कधी कळवलं हे सिद्ध होतं.

पंचनामा करायला कोण येतं आणि आपण काय करायचं?

महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत अशा तीन खात्यांचे गावपातळीवरचे कर्मचारी मिळून संयुक्त पंचनामा करतात. म्हणजे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. अलीकडे तिघांचीही पदनामं बदलली आहेत, गावात अजून जुनीच चालतात. काही ठिकाणी मोबाईलवर ई-पंचनामा होतो, 2023 मध्ये नागपूर विभागात त्याची सुरुवात झाली.

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरा घोळ इथेच होतो. एका माणसाकडे चार-चार गावं असतात, चिखलात गाडी जात नाही आणि वरून आठ दिवसांत अहवाल मागितलेला असतो. मग बरेच पंचनामे पारावर बसून होतात. त्या माणसालाही मी फार दोष देत नाही. पण पारावरच्या पंचनाम्यात क्षेत्र अंदाजाने पडतं.

माझ्या चुलत्यांचं सांगते. दोन एकर सोयाबीन, सगळं आडवं. पंचनाम्याच्या दिवशी ते बैलाच्या औषधासाठी तालुक्याला गेले होते, घरून कुणी बांधावर गेलं नाही. दीड महिन्याने यादी लागली तेव्हा त्यांच्या नावापुढे 0.80 हेक्टरच्या जागी 0.08 लिहिलेलं. एक शून्य इकडचं तिकडे. 6,800 च्या ठिकाणी किमान दर लावून 1,000 रुपये. यादी लावलेल्या त्या फळ्यासमोर उभं राहून ते बोटाने ओळ परत परत वाचत होते, आणि मला म्हणाले, ‘बाई, माझंच रान एवढुसं झालं का गं?’ दुरुस्ती झाली, पण तीन महिन्यांनी, चार हेलपाटे घालून.

तेव्हा पंचनाम्याच्या दिवशी घरातलं कुणीतरी बांधावर हवंच. सातबारा आणि आठ-अ ची प्रत जवळ ठेवा. सही करण्याआधी तीनच रकाने वाचा : गट नंबर, पीक, आणि क्षेत्र. क्षेत्रातला बिंदू कुठे आहे ते बघा. जिरायत लिहिलंय की बागायत, हेही बघा, कारण दर दुप्पट होतो. त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नुकसानीचे फोटोही काढा, आणि फोटोत ओळखू येईल असं काहीतरी येऊ द्या, विहीर, विजेचा खांब, शेजारच्याचा बांध. नुसत्या कुजलेल्या शेंगांचा फोटो कोणत्याही रानातला असू शकतो.

ई-पीक पाहणी केली नव्हती. आता मदत मिळणार नाही का?

पंचनामा प्रत्यक्ष पाहणीवर होतो, त्यामुळे लगेच हताश होऊ नका. पण सातबाऱ्यावर पीकच नसेल तर तिथे काय होतं हे सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावर येते. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून आपलं पीक सातबाऱ्यावर नोंदवणं, 2021 पासून सुरू आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे. स्मार्टफोन नसेल तर गावातल्या एखाद्या पोराकडून करून घ्या, पण पेरणीनंतर मुदतीत करा.

जमीनच खरडून गेली. माती नाही, नुसते दगड राहिले. त्याचं काय?

पिकापेक्षा हे नुकसान मोठं, आणि कागदावर हेच मागे पडतं. पीक एका हंगामाचं असतं. माती तयार व्हायला आयुष्य जातं.

याचे दोन प्रकार आहेत. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ किंवा वाळू साचली असेल तर ती काढायला हेक्टरी 18,000 रुपये. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीनच वाहून गेली तर हेक्टरी 47,000 रुपये. ही मदत अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी आहे, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांसाठी. 2025 च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी या 47,000 रुपयांखेरीज मनरेगातून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं जाहीर झाली. तीन लाख हातात रोख मिळत नाहीत. माती आणून टाकणं, बांध घालणं अशी कामं रोजगार हमीतून मंजूर करून घ्यायची असतात, त्यासाठी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तुमचं काम चढलं पाहिजे.

गाळाचं मोजमाप तुमच्यासमोर करून घ्या. एक काठी घ्या, तिला खुणा करा आणि रानात चार-पाच ठिकाणी रोवून दाखवा. कडेला दोन इंच आणि मधे फूटभर गाळ असतो. कडेवर उभं राहून बघणाऱ्याला दोनच इंच दिसतात.

पीक आणि जमीन दोन्ही गेलं तर दोन्ही मिळतं का?

पंचनाम्यात दोन्ही स्वतंत्र नोंदवलेलं असेल तर त्यासाठी मागणी करता येते. फक्त पिकाचा पंचनामा झाला असेल तर जमिनीचा वेगळा करून मागा. तोच कागद पुढे धरून चालत नाही.

जनावरं दगावली तर?

दुभती गाय किंवा म्हैस 37,500 रुपये, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100 रुपये. नेहमीच्या निकषात मोठी जनावरं तीनपर्यंतच धरतात, 2025 च्या पॅकेजमध्ये ही तीनची अट काढली होती. गोठ्याला 3,000 रुपये.

पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. मेलेलं जनावर दारात ठेवणं कुणाला सहन होत नाही, हे मला माहीत आहे. तरी पुरण्याआधी डॉक्टरांना बोलवा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा. वाहून गेलेलं जनावर सापडत नसेल तर त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला सांगा.

विहीर गाळाने भरली, मोटर आणि ठिबक वाहून गेलं. त्याचे दर आहेत का?

पिकांच्या दरांत यांचा हिशेब नाही. पण पंचनाम्यात नोंद करूनच ठेवा. 2025 च्या पॅकेजमध्ये बाधित विहिरीला 30,000 रुपये जाहीर झाले. घोषणा नंतर होते, नोंद आधीची लागते.

यादीत नाव आहे, तरी पैसे आले नाहीत.

पैशांचा रस्ता समजून घ्या. पंचनामा तहसीलदाराकडे जातो, तिथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभाग. निधीचा शासन निर्णय निघतो. मग तहसीलमधून शेतकऱ्यांची माहिती पोर्टलवर भरली जाते आणि प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. त्या क्रमांकाची यादी ग्रामपंचायतीत लागते, आपले सरकार सेवा केंद्रावर जाऊन अंगठा लावून ई-केवायसी करायची, आणि मग पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात. ॲग्रीस्टॅकमधला (सरकारच्या डिजिटल शेतकरी नोंदणीतला) शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना 2025 च्या मदतीवेळी ही ई-केवायसी माफ केली होती. हा क्रमांक अजून काढला नसेल तर आधी काढा. एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने तो आपत्तीच्या मदतीसाठी आवश्यक केला आहे.

आता अडतं कुठे? व्हीके नंबरच पडला नसेल तर काम तहसीलमध्ये आहे, बँकेत जाऊन उपयोग नाही. नंबर आहे पण अंगठा झाला नाही, तर केंद्रावर जा. कष्टाच्या हातांचे ठसे उमटत नाहीत, म्हाताऱ्या माणसांचं तर हमखास होतं. तेव्हा ओटीपीचा पर्याय विचारा, त्यासाठी आधारला चालू मोबाईल जोडलेला लागतो. अंगठा झाला तरी पैसे नाहीत, तर खातं तपासा. पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकात जात नाहीत. ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं तिथे जातात. कधीकाळी गॅसच्या अनुदानासाठी उघडलेलं, विसरलेलं खातं त्यासाठी उघडून बघा. आधारच्या संकेतस्थळावर आपलं आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते दिसतं.

आणि सेवा केंद्रावर स्क्रीनवर क्षेत्र किंवा रक्कम चुकीची दिसली तर घाईने अंगठा देऊ नका. आधी तहसीलमध्ये लेखी दुरुस्ती मागा.

सातबाऱ्यावर ज्ञानोबा आणि आधारवर ज्ञानेश्वर. चालेल का?

पुष्कळदा इथेच गाडी थांबते. ‘ऊर्फ’, वडिलांच्या नावातली वेलांटी, लग्नानंतरचं आडनाव, काहीही पुरतं. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात लवकर होतं. सातबाऱ्यावरची चूक असेल तर तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. हे पावसाळ्यात करण्यापेक्षा उन्हाळ्यात करा, तेव्हा कार्यालयात रांग नसते.

जमीन सामाईक खात्यात आहे. भाऊ सही देत नाही.

सामाईक खात्यात एकाच्या नावावर मदत घ्यायची तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. संमती नसेल तर हिश्श्याप्रमाणे वेगवेगळी नोंद करायची मागणी तहसीलदाराकडे करा. सहीच्या भांडणात दोघांचेही पैसे अडकून पडलेली घरं मी बघितली आहेत.

जमीन नवऱ्याच्या नावावर होती, ते गेले. यादीत त्यांचंच नाव आलंय.

वारस नोंद झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीची, नोटीस 15 दिवसांची असते, हरकत आली नाही तर नोंद मंजूर होते. मग तो फेरफार जोडून तहसीलमध्ये यादीत नाव बदलायचा अर्ज. ताई, यात एकच जपा : ‘नंतर तुमचं नाव लावू’ असं सांगून सासरची माणसं दुसऱ्या कागदावर सही मागत असतील तर तो कागद आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. हक्कसोड पत्र असंच सही होऊन जातं.

आपत्तीतच कुणी दगावलं असेल, पुरात किंवा वीज पडून, तर वारसांना चार लाख रुपयांची मदत वेगळी आहे. त्याला शवविच्छेदन अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा लागतो.

मी दुसऱ्याचं रान बटईने करतो. मदत कुणाला?

सातबाऱ्यावरच्या खातेदाराला. बियाणं तुमचं, घाम तुमचा, आणि पैसे शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. हे मला पटत नाही आणि बदललं पाहिजे. तोवर करार लेखी करा आणि आपत्तीची मदत आली तर ती कशी वाटायची हे त्यात लिहून घ्या.

पीक विमा मिळाला तर ही मदत बंद होते का?

नाही. विमा तुम्ही हप्ता भरून घेतलेला असतो, मदत सरकार देते. दोन्ही मिळू शकतात. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, 2025 च्या खरिपापासून तो बंद होऊन खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याकडे आला. त्याच खरिपापासून नुकसान पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठरू लागलं. विम्याची तक्रार 14447 वर करायची.

बँकेने मदतीचे पैसे कर्जात वळते केले.

करता येत नाहीत. मदतीच्या शासन निर्णयांत ही रक्कम कर्जखात्यात किंवा इतर वसुलीत वळती करू नये, असं लिहिलेलं असतं. त्या शासन निर्णयाची प्रत काढा, ती ओळ अधोरेखित करा आणि शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या. एक प्रत तहसीलदाराला, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला. आमच्याकडे एका शाखेने असे 9,000 रुपये कापले होते. अर्जासोबत शासन निर्णयाचं ते पान जोडल्यावर आठवड्यात परत जमा झाले. तोंडी सांगायला तो शेतकरी त्याआधी तीनदा जाऊन आला होता.

यादीत नावच नाही. आता कुणाकडे जायचं?

आधी गावातली यादी पूर्ण वाचा, कधी नाव दुसऱ्या गटात किंवा वडिलांच्या नावाने सापडतं. नसेलच तर तहसीलदाराला लेखी अर्ज करा : नुकसानीची तारीख, गट नंबर, पंचनाम्याचा किंवा कळवल्याच्या पोचेचा फोटो, पिकाचे फोटो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत आणि गावाची पूर्ण यादी मागा, त्याला 10 रुपये शुल्क आहे आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. एकट्याने जाण्यापेक्षा राहिलेल्या सगळ्यांनी आपापले अर्ज घेऊन एकाच दिवशी जा. अर्ज मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. चाळीस सह्यांच्या एका निवेदनावर कुणाचाच गट नंबर नसतो, आणि दुरुस्ती गट नंबरवरच होते.